शाळेचा अहेर

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी श्रीमंत माणसाचं काम सगळ्यांनी आळीपाळीने केलं. खुर्ची एकच होती, प्लास्टिकची, लाल. तिच्यात बसेल तो तेवढ्यापुरता शेठ. समोर सतरंजीवर आई बसे, पदर सारखा करी आणि शेठकडे पाच लाख रुपये मागे. पहिल्या संध्याकाळी वडील शेठ झाले. आईने रक्कम उच्चारायचा अवकाश, ते म्हणाले, "घ्या ना वहिनी, तुमच्यापेक्षा जास्त आहे का?" आई उखडली. "असं लगेच हो म्हणू नका हो. माझा सराव कसा होणार?" "मग नाही म्हणू?" "नाहीही म्हणायचं नाही." "मग शेठ करतो तरी काय दिवसभर?" वडिलांनी विचारलं. ते भिवंडीत, नारपोलीला, पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांच्या ओळखीचे शेठ लोक दिवसभर शिव्या देत. तशा त्यांनी दोन देऊन पाहिल्या. शेजारची मंडळी दारात जमली आणि पुढचा शेठ कोण यावरून वाद सुरू झाला.

हे सगळं शाळेसाठी चाललं होतं. माझी धाकटी बहीण सुलू वर्षाची असताना तापात बहिरी झाली. गावात तिच्यासारख्या मुलांची शाळा नव्हती. आईने मुंबईला जाऊन-येऊन त्या शिक्षणाची पदविका घेतली आणि नारपोलीत यंत्रमागांच्या रांगेतला एक गाळा भाड्याने घेऊन शाळा काढली. एका भिंतीपलीकडे माग, दुसऱ्या भिंतीपलीकडेही माग. कर्णबधिर मुलांना ही जागा झकास आहे, असा विनोद गावात पुष्कळांनी केला आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटे. वस्तुस्थिती उलट होती. ज्या मुलांना थोडं ऐकू येई त्यांच्या कानातल्या यंत्रातून मागांची खटाखट दुप्पट होऊन आत शिरे. मुलं यंत्रं काढून खिशात टाकत. आई आणि तिच्याबरोबर शिकवणाऱ्या नसीमटीचर घरी आल्यावरही एक-दोन तास ओरडूनच बोलत. आमच्या चाळीत लोकांना वाटे, आईवडिलांचं रोज भांडण होतं.

गाळ्याचे मालक हाजीसाहेब सज्जन होते. नोटीस द्यायला ते स्वतः आले, मिठाईचा बॉक्स घेऊन. "बहनजी, दोनों बेटे अलग हो रहे हैं. एक गाला कम पड़ रहा है. मैं क्या करूँ?" त्यांनी मिठाई आधी सुलूच्या हातात दिली आणि बोलताना तिच्याकडे पाहिलं नाही. जूनपर्यंत मुदत होती. भिवंडीजवळच टेमघरला एका निवृत्त गुरुजींनी शाळेला दिलेला जमिनीचा तुकडा होता, पण त्यावर गवत आणि एक शेळी यांपलीकडे काही नव्हतं. शाळा बंद पडली तर बाकीची मुलं घरी बसणार होती. सुलूची सोय पुण्याकडच्या एका निवासी शाळेत झाली होती. आईने प्रवेश घेऊन ठेवला आणि दुपारी सुलूच्या फ्रॉकांना आतून लाल दोऱ्याने नाव घालायला बसू लागली. ते ती कुणाशी बोलली नाही. सुलू अकरा वर्षांची होती, मी एकोणीस. दिवा मालवल्यावर ओठ दिसत नाहीत म्हणून ती माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपे. मी बोलले की तिच्या बोटांना कळे की मी अजून जागी आहे. पुण्याला कुणाचा गळा असेल, हा प्रश्न तिने मला खुणांनी विचारला होता.

अशा वेळी कर्णिक मॅडम आल्या. ठाण्याच्या. त्यांनी एका इस्पितळाच्या इमारतीसाठी निधी उभा केला होता आणि हे काम त्यांना शास्त्रासारखं येत होतं. नसीमटीचरच्या नात्यातल्या कुणी तरी त्यांना गळ घातली आणि एका रविवारी त्या आमच्या खोलीत आल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, वर सरकवायची सवय असलेला चष्मा. सुलूने त्यांचं नाव लगेच ठरवलं: नाकावरून वर जाणारं एक बोट. आईने त्यांना सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुकट खाल्ली, पाणी प्याल्या, पुन्हा खाल्ली, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर एक त्रिकोण काढला. टोकाला एक मोठी देणगी. तिच्याखाली काही मध्यम. तळाला पुष्कळ लहान. "लोक तळापासून सुरुवात करतात," त्या म्हणाल्या. "डबे घेऊन बाजारात फिरतात, दमतात आणि इमारत जोत्यावर राहते. आपण टोकापासून सुरू करायचं. आधी सर्वांत मोठा देणारा. तो आला की बाकीचे येतात." वडिलांनी तो त्रिकोण निरखून पाहिला. ते म्हणाले, "म्हणजे आधी बीम चढवायचा, मग कांड्या भरायच्या." मॅडमना माग माहीत नव्हता. वडिलांनी हातवारे करून समजावलं की उभं सूत गुंडाळलेला तो भला मोठा बीम मागावर चढल्याशिवाय आडव्या धाग्याच्या कांड्या कितीही भरल्या तरी कापड होत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढे एका मोठ्या संस्थेच्या व्याख्यानात त्यांनी हे उदाहरण वापरल्याचं मी ऐकलं आहे. वडिलांचं नाव घेतलं होतं की नाही याची खात्री करता आली नाही.

मॅडमचा दुसरा नियम असा की निम्मी रक्कम हाती येईपर्यंत कुठे वाच्यता करायची नाही. याला त्या शांत टप्पा म्हणत. भिवंडीत हा टप्पा दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळी मी कोथिंबीर आणायला गेले तर भाजीवाल्याने विचारलं, "क्यों दीदी, टॉपवाला मिला क्या?" कोणी फोडलं याचा तपास झाला. संशय वडिलांवर होता. त्यांनी फक्त खात्यातल्या, म्हणजे मागाच्या कारखान्यातल्या, एकाला सांगितलं होतं, तेही मागांच्या आवाजात, त्यामुळे ओरडून.

तिसरा नियम मागण्याचा. तो आमच्या घरात मंत्रासारखा म्हटला जाऊ लागला. नेमकी रक्कम सांगायची आणि गप्प बसायचं. स्पष्टीकरण नाही, माफी नाही, 'जमेल तसं द्या' तर मुळीच नाही. "शांतता अवघड जाते," मॅडम म्हणाल्या, "पण ती समोरच्यालाही अवघड जाते. जो आधी बोलतो तो खाली येतो. तुम्ही बोलू नका." आईला बोलू नका म्हणणं म्हणजे मागाला हळू चाल म्हणण्यासारखं होतं. म्हणून ती लाल खुर्ची आणि तो सराव. चाळीतले जवळजवळ सगळे शेठ होऊन गेले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी शेठ म्हणून पाच लाख नाकारले आणि आईशी खरोखरच अबोला धरला. सर्वांत चांगली शेठ सुलू ठरली. ती खुर्चीत मांडी घालून बसली, आईचे ओठ नीट वाचले आणि मग नुसती पाहत राहिली. तिला शांततेचं काही वाटतच नसे. आई घामाघूम झाली. तिने पदराने तोंड पुसलं, एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शेवटी फुटलीच: "बरं, चार द्या." सुलू जिंकली. आम्ही हसून लोळलो. त्या दिवसांत आम्ही फार हसत होतो. जून जवळ येत होता आणि हसणं थांबलं की लाल दोऱ्याचं रीळ दिसे.

त्रिकोणाच्या टोकाला कोण, याबद्दल दुमत नव्हतं. कशेळीचे बाळाराम शेठ. वडिलोपार्जित शेती खाडीकाठी. तिच्यातली भाताची खाचरं गोदामांखाली गेली आणि भाडं येऊ लागलं. आज त्या रस्त्याने गेलं की गोदामांचे पत्रेच पत्रे दिसतात आणि देशभरात लोकांनी घरी बसून मागवलेल्या वस्तू तिथून सुटतात. तेव्हा त्याची सुरुवात होती आणि ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना आपण श्रीमंत आहोत याची पुरती सवय झालेली नव्हती. बाळाराम शेठ तीन मजली घरात राहत, पण जाळं विणायला अजून ओट्यावर बसत. आई शेठच्याच समाजातली, खाडीपलीकडच्या गावची. वडील घाटावरचे. लग्न दोघांनी ठरवलेलं. त्यामुळे माहेरच्या लोकांत आईचं जाणं-येणं जपून असे. शेठची बायको वनिताकाकी मात्र तिला लहानपणापासून ओळखत होती. त्या ओळखीवर भेट ठरली.

मॅडम म्हणाल्या होत्या, मुलीला नेऊ नका. मुलांना दाखवून पैसे मागायचे नसतात. आईलाही ते पटलं होतं. पण सुलूला ठेवायला त्या दिवशी कुणी नव्हतं, म्हणून आम्ही चौघं गेलो. दारातच वनिताकाकी म्हणाली, "आली गो शांते! किती बारीक झालीस. घाटावरला नवरा खावाला देत न्हाय काय?" वडील हसले. काकीने त्यांच्याकडे पाहून पुन्हा आईला विचारलं, "हसतं पन काय ते?" शेठ आतून आले. गळ्यात जाड साखळी. सुलूने गळ्याभोवती बोट फिरवून मला त्यांचं नाव कळवलं.

आईने वेळ घालवला नाही. शाळा काय, मुलं किती, गाळा का जातो आहे, जमीन कुठे आहे, हे सगळं तिने सरावाप्रमाणे सांगितलं. आवाज मागांच्या वरचा होता, पण शब्द चुकले नाहीत. मग ती म्हणाली, "बाळारामदादा, इमारतीसाठी तुम्ही पाच लाख रुपये द्यावेत, असं मागायला आलेय." आणि गप्प बसली.

आम्हीही गप्प बसलो. घड्याळ वाजत होतं. शेठ जमिनीकडे पाहत होते. मॅडमच्या म्हणण्यानुसार आता ते बोलायला हवे होते. त्याऐवजी वनिताकाकी उठली. कर्णिक मॅडमच्या शास्त्रात जे नव्हतं ते हे: कशेळीत पाहुणा गप्प बसला की त्याचा एकच अर्थ होतो. त्याला उपाशी ठेवलं आहे. काकी आत गेली आणि ताटं घेऊन आली. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि भाकऱ्या. "जेवा गो. आमी पन काय मानसं! आल्याआल्या इचारलं न्हाय." आई नियम मोडायला तयार नव्हती. तिने मान हलवली आणि न बोलता जेवली. ताट संपलं. आई गप्पच. काकीचा चेहरा उतरला. ती पुन्हा आत गेली. या वेळी निवट्या आल्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. त्याचा रस्सा असा की बोलणाराही गप्प व्हावा. आई जेवली आणि गप्प बसली. "आवडलं न्हाय काय?" काकीने मला हळूच विचारलं. मी नियमाला बांधलेली होते. मी नुसती हसले. काकीने सुनेला हाक मारली. "सुके बोंबील भाज गो! शांता रुसलीय."

बोंबील आले. वडिलांच्या कपाळावर घाम होता. ते भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट विनंती होती. सुलू एकटी आनंदात होती. तिने चिंबोरीची नांगी मोडून चोखली आणि शेठना खुणेने विचारलं, तुम्ही का जेवत नाही? शेठना खूण कळली. ते हसले. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"शांते, एक इचारू? दान मी दोघांनाच देतं. देवाला न भिकाऱ्याला. तुमी त्यातलं कोन?"

आईने ताटातच हात धुतला. उठली. आम्ही उठलो. दारात काकी रडवेली झाली होती. तिने आईच्या हातात भाकऱ्यांची पुरचुंडी कोंबली आणि म्हणाली, "पोरीची हलद हाय गो परवा. तुजे शालेची सगली पोरा घेऊन ये. न्हाय आलीस तर तुजी न माजी तुटली."

कर्णिक मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. भूक लागली म्हणून जेवलात की काय, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आई रडली असती. "हा नकार आहे," त्या म्हणाल्या. "होतं असं. दुसरं नाव शोधू." दुसरं नाव नव्हतं. वडिलांनी लाल खुर्ची शेजाऱ्यांकडे नेऊन दिली. सुलूच्या फ्रॉकांना नावं घालून झाली होती. आई आता तिच्या टॉवेलांना घालत होती. हळदीला जायचं की नाही यावर घरात चर्चा झाली. मी म्हणाले, ज्याने भिकारी म्हटलं त्याच्या दारात कशाला? आई म्हणाली, "आमच्यात हळदीचं आवतण मोडत नाहीत. शत्रूचंही नाही." त्यात तिने मॅडमनाही बरोबर घेतलं. हरलेल्या सेनापतीलाही एकदा नीट जेवू घालावं, असा तिचा विचार असावा.

आम्ही ऊन उतरताना पोचलो. टेम्पो भरून मुलं, नसीमटीचर, मॅडम. मांडव रस्त्यापर्यंत आलेला, स्पीकरच्या भिंती दोन्ही अंगांना, बेंजोवाला गळ्यात वाद्य अडकवून सुरांची खात्री करून घेत होता. बाया पिवळ्या झालेल्या. नवरीला लावून उरलेली हळद कुणालाही लागते. मॅडमच्या चष्म्यावर दोन बोटं उमटली तेव्हा त्या काही म्हणाल्या नाहीत, मग स्वतःहून गाल पुढे केला. वाद्य सुरू झालं. शाळेची मुलं आधी दबकली, मग एकाने स्पीकरच्या लाकडाला पोट लावलं आणि बाकीच्यांना खुणावलं. जमीन हादरत होती, ती त्यांच्या तळपायांतून वर चढत होती. मागांनी ज्यांची सगळी सकाळ मोडायची ती मुलं त्या धक्क्यावर बरोबर पाय टाकू लागली. कशेळीची माणसं नाच जाणतात. त्यांनी जागा करून दिली. कोणी तरी ओरडलं, "ही पोरा बहिरी? मंग आमी कोन?"

मग वाद्य थांबलं आणि अहेर सुरू झाले. अहेर तिथे माइकवर पुकारतात: कोणाकडून, काय, किती. सगळा मांडव ऐकतो, आणि ऐकण्यासाठीच येतो, कारण आज मिळालेला अहेर उद्या त्या घरी थोडा वाढवून परतवायचा असतो. बाळाराम शेठनी माइक स्वतःच्या हातात घेतला.

"पोरीचा अहेर पोरीला. तो वेगला. पन शांतेची शाला आजपासून माजे घरची. पोरीचे बाजूला शालेचा पाट मांडा. पयला अहेर माजा." आणि त्यांनी रक्कम सांगितली. आईने मागितली होती तीच. एक रुपया इकडेतिकडे नाही.

मांडवात कुजबुज सुरू झाली. शेठचे थोरले भाऊ खुर्चीतून म्हणाले, "बाल्या, शाला काय मानूस हाय? तिचं कूल काय? पाटावर बसल कोन, इमारत?" लोक हसले. प्रश्न मात्र नियमाला धरून होता आणि त्याचं उत्तर शेठकडे नव्हतं. ते भीमायकडे वळले. भीमाय म्हणजे धवलारीण. त्या समाजात लग्न लावायचा मान गाणं म्हणणाऱ्या या म्हातारीचा असतो आणि मांडवात तिच्यावर कुणी नाही. भीमायने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "कूल देवानं इचारावं," ती म्हणाली. "जिला आयबाप हाय ती बसल. पन आयला इचारा. घेनार का? घेतला तर फेडावा लागतो."

मांडवाने आईकडे पाहिलं. तिच्या शेजारी कर्णिक मॅडम आनंदाने तिचा दंड आवळत होत्या. मी त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे पुढचं संभाषण मला शब्दशः माहीत आहे.

"झालं ना! आपला टोकाचा देणगीदार!"

"मॅडम, हे दान नाही. अहेर आहे. परत करावा लागतो."

"परत? कुणाला?"

"जो जो देईल त्याला. त्याच्या घरच्या लग्नाला, बारशाला, दहाव्याला. थोडं वाढवून. आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. मी गेले तरी नाही."

मॅडमनी हळदीचा चष्मा काढला. "आमच्याकडे याला देणगीदाराशी नातं टिकवणं म्हणतात," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही त्याला दिवाळीचं कार्ड पाठवतो."

आईने नकार दिला असता तर त्यात कुणाला वावगं वाटलं नसतं. शाळेचा महिना कसा निघतो हे तिला माहीत होतं. गावंच्या गावं शाळेची सोयरी होणार, म्हणजे काय, हेही त्या मांडवात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं; याच फेडण्याच्या जाळ्यातून ती लग्न करून बाहेर पडली होती. ती चालत माइकपर्यंत गेली. ओरडायची सवय असल्यामुळे तिला माइक लागला नसता.

"आमची शाळा घेईल," ती म्हणाली. "आणि फेडील."

ती फेडतेच आहे. टेमघरची इमारत उभी राहिली. तोवर हाजीसाहेबांनी गाळ्याची मुदत वाढवली. "बारिश के बाद देख लेंगे," म्हणाले, आणि पाऊस संपल्यावर त्यांनी पाहिलं नाही. पैसा आजही कमी असतो, पण दर वैशाखात शाळेला पत्रिका येतात. शाळा सहकुटुंब जाते. कळशी, ताट, कधी नुसतं पातेलं; आणि वाढीव म्हणून मुलांचा नाच. हा नाच आता मागून घेतात. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या काळात मी निधी उभारणाऱ्या अनेक जाणत्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. देणारा एकदा देतो आणि मग विसरतो, ही त्यांची मुख्य तक्रार असते. मी ती लिहून घेत असे. कशेळीत विसरायची सोय नाही, हे छापण्याजोगं वाटलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी पाट मांडला गेला. भीमायने नजर फिरवली आणि शाळा म्हणून पाटावर बसायला मुलांत नाचून लाल झालेल्या सुलूकडे बोट केलं. काकीने तिला उचलूनच आणलं, नवरीच्या शेजारी बसवलं आणि गालांना, कोपरांना, पावलांना हळद फासली. नवरी हसत होती. शेठनी पाकीट सुलूच्या ओंजळीत ठेवलं. त्यांच्यामागे त्यांचे व्याही, त्यामागे मघाचे थोरले भाऊ, त्यामागे रांग मांडवाबाहेर. सुलूला काहीच कळलं नव्हतं. तिच्या बाजूला नवरी, अंगाला हळद, समोर अहेर. तिने घाबरून मांडवभर मला शोधलं. सापडल्यावर पाकीट मांडीत ठेवून दोन्ही हातांनी विचारलं, माझं लग्न लावताय?

मी हसू आवरून खुणेने सांगितलं, नाही. पुणं नाही. घर. मग तिने पाहिलं की नाही याची खात्री नसल्याने पुन्हा सांगितलं. घर.

सुलू घराबाहेर आवाज काढत नसे. तो कसा निघतो यावर मुलं हसतात, हे तिला फार लवकर समजलं होतं. आईची सगळी पदविका त्या एका गोष्टीपुढे हरली होती. आता ती पाटावर उभी राहिली, पाकीट खाली पडलं, आणि तिच्या तोंडून एक लांब, वर चढत जाणारी आरोळी निघाली. त्यात शब्द नव्हता. माइक जवळच होता. आरोळी दोन्ही भिंतींच्या स्पीकरमधून खाडीपर्यंत गेली. नवरीने कानांवर हात ठेवले. अहेर पुकारणारा थांबला. कुणीही हसलं नाही, कारण सगळे भीमायकडे पाहत होते, आता काय म्हणायचं ते तीच ठरवणार होती. भीमायने पान थुंकलं आणि पदराने ओठ पुसले.

"शाला बोलली," ती म्हणाली. "वाजव रं."